ध्वनिलहरींनी थेंब हलवणारा प्रयोगशाळा-संच : एक परीक्षण

लिथियम नायोबेट या स्फटिकाची पारदर्शक चिप, तिला पकडून ठेवणारी चौकट, सिग्नल जनरेटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एवढ्या सामग्रीचा हा संच पाण्याचा लहानसा थेंब नळी, झडप किंवा पंप यांच्याविना सपाट पृष्ठभागावरून पुढे सरकवतो. हे काम तो खरोखर उत्तम करतो. मात्र ते किती काळ उत्तम चालेल, हे यंत्रणेपेक्षा चिपवरच्या जलविकर्षक लेपावर अधिक अवलंबून आहे आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

चिपच्या कडेला एकमेकांत गुंतवलेल्या दोन कंगव्यांसारखे धातूचे इलेक्ट्रोड आहेत. व्हाइट आणि व्होल्टमर या संशोधकांनी १९६५ साली दाखवून दिलेली ही रचना आजही मूळ स्वरूपात वापरली जाते. स्फटिक पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे विद्युतदाब दिल्यावर किंचित आकार बदलणारा, असल्यामुळे उच्च वारंवारतेचा विद्युतदाब देताच त्याच्या पृष्ठभागावर लहर उठते. घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या अशा लहरींचे गणित भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्येच मांडले होते. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर असल्याने २० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २०० मायक्रोमीटर होते आणि कंगव्याचा प्रत्येक दाता तिच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे ५० मायक्रोमीटर रुंद ठेवावा लागतो. पृष्ठभागाचे हे कंपन फार तर काही नॅनोमीटरचे असते. एवढ्या सूक्ष्म हालचालीने डोळ्यांना सहज दिसणारा थेंब चालू लागतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

पाण्यातील ध्वनीचा वेग स्फटिकावरील लहरीच्या वेगापेक्षा बराच कमी असल्यामुळे, लहर थेंबाखाली पोहोचताच तिची ऊर्जा लंबाशी सुमारे २२ अंशांचा कोन करून द्रवात शिरते, तिथे प्रवाह निर्माण करते आणि थेंबाला लहरीच्या दिशेने ढकलते. शक्ती कमी ठेवल्यास थेंब जागेवरच राहून आतून घुसळला जातो, वाढवल्यास सरकतो, त्याहून वाढवल्यास त्यातून धार उडते आणि अखेरीस त्याचे बारीक तुषार होतात. संचाचे शक्तिनियंत्रण या टप्प्यांमध्ये पुरेसे बारीक आहे, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. इतक्या लहान थेंबात दोन द्रव आपोआप मिसळायला फार वेळ लागतो, कारण तिथे जवळजवळ सगळे काम विसरणावर, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यावर, सोपवलेले असते. इथे ते क्षणार्धात मिसळतात. केवळ मिश्रणासाठी घेणाऱ्याला हा संच निःशंकपणे सुचवता येईल.

थेंब वाहून नेण्याबाबत तसे म्हणता येत नाही. नवा लेप असताना थेंब सरळ आणि एका गतीने जातो, परंतु प्रथिनयुक्त द्रावणे वापरल्यावर पृष्ठभागावर चिकटलेला अंश थेंबाची मागची कड धरून ठेवतो. मग तो अडखळतो, आणि त्याला सोडवण्यासाठी शक्ती वाढवावी तर चिप तापते, बाष्पीभवन वाढते आणि द्रावणाची संहती (तीव्रता) बदलून जाते. शक्ती अखंड न देता स्पंदांच्या रूपात दिल्यास ही अडचण बरीच कमी होते, आणि तशी सोय जनरेटरमध्ये आहे. लेप पुन्हा कसा चढवावा, याबद्दल मात्र माहितीपुस्तिकेत एक ओळही नाही, हे मला अक्षम्य वाटते.

आणखी एक उणीव अशी की इलेक्ट्रोडपासून लहर दोन्ही बाजूंना जाते. उलट दिशेची लहर चिपच्या काठावरून परतून थेंबाच्या मार्गात येऊ नये म्हणून तिथे मऊ सिलिकोनचा शोषक लावावा लागतो, तो संचात दिलेला नाही. सूक्ष्मदर्शकातून चिपच्या खालून पाहणाऱ्यांनी स्फटिकाच्या द्विअपवर्तनामुळे (प्रकाशकिरण दोन किरणांत विभागण्याच्या गुणधर्मामुळे) प्रतिमा दुहेरी दिसू शकते हेही ध्यानात घ्यावे. वरून पाहिल्यास ही अडचण येत नाही. प्रथिने किंवा पेशींवर काम करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी लेप काढून नव्याने चढवण्याची पद्धत आणि सुट्या चिपांची उपलब्धता उत्पादकाकडून लेखी मागून घ्यावी.