चुकांची वही: बीजगणिताच्या पेपरसाठी काही महिने वापरल्यानंतर

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांतली नेहमीची तक्रार अशी: मुलाला बीजगणित समजतं, स्वाध्याय बसून सोडवतं, पण वेळ लावून पेपर दिला की ४० पैकी निम्मे गुणही हाती लागत नाहीत. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या काही घरांनी मिळून यावर चुकांची वही वापरायला घेतली. फॉर्म नंबर १७ भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, राज्य मंडळाच्या दहावीला बसणारी आणि एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) गणिताला बसणारी, अशी दोन्हीकडची मुलं यात आहेत. आता काही महिने झालेत, तेव्हा काय चाललं आणि काय नाही ते सविस्तर लिहितो आहोत.

वही २०० पानी, फुलस्केप, शिवलेली घ्या. स्पायरलची नको, कारण त्यातलं नको असलेलं पान बिनबोभाट फाडता येतं. डाव्या पानावर फक्त उदाहरण उतरवायचं. उजव्या पानावर चुकलेली ओळ जशी लिहिली होती तशीच, तिच्याखाली बरोबर ओळ, आणि समासात चुकीचा प्रकार. संपूर्ण सोडवणूक पुन्हा लिहायची नाही, गाडी जिथे घसरली तेवढी एकच ओळ. ही अट पाळली नाही तर एका नोंदीला वीस मिनिटं जातात आणि दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. नोंद मुलानेच करायची. आईबाबांच्या अक्षरात भरलेली वही म्हणजे शेरेबुक, आणि ती कुणी स्वतःहून उघडत नाही.

प्रकार पाचच ठेवले: चिन्ह, कंस, उतरवताना, रीत, वाचन. ‘घाईत चुकलं’ हा प्रकार ठेवलेला नाही, आणि तो ठेवूच नये असं आमचं ठाम मत आहे. घाईत नेमकं काय चुकलं ते त्या शब्दातून कळत नाही, आणि ‘आता नीट लक्ष देईन’ यापुढे गाडी जात नाही. उलट ‘चिन्ह’ असं लिहिलं की काय करायचं ते लगेच ठरवता येतं.

सगळ्यांच्या वहीत हमखास सापडणारी एक नोंद बघा. क्ष² − ४क्ष − ३ = ० हे सूत्राने सोडवायचं आहे. मूल सहगुणक, म्हणजे प्रत्येक पदातले अंक, लिहितं: अ = १, ब = −४, क = ३. शेवटच्या पदाचं उणे चिन्ह इथेच गळलं. पुढे सूत्रात वर्गमुळाखाली येणारं ब² − ४अक = १६ − १२ = ४, वर्गमूळ २, उत्तर ३ आणि १. इतकं सुबक उत्तर आल्यावर शंका कुणाला येणार? खरं तर १६ + १२ = २८ येतं आणि मुळं २ + √७ व २ − √७ अशी आहेत. पुस्तकातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत बहुतेक उत्तरं पूर्णांक असतात, त्यामुळे करणी (√७ सारखं मूळ) आली की मुलांना आपलंच चुकलं असं वाटतं. कितीतरी वेळा बरोबर आलेली करणी खोडून मुलं चुकीच्या सुबक उत्तराकडे वळतात.

उपाय दोन. सहगुणक चिन्हासकट चौकटीत लिहायचे आणि सूत्रात कंसासकट बसवायचे: (−४)² − ४ × (१) × (−३). दुसरा म्हणजे ताळा. क्ष = १ ठेवलं की १ − ४ − ३ = −६ येतं, शून्य येत नाही. याला अर्धं मिनिट लागतं आणि गुण वाचतात.

कंसाच्या चुका याच जातीच्या. २क्ष − (क्ष − ३) = ७ इथे कंस सोडताना ३ चं चिन्ह बदललं नाही तर उत्तर १० येतं, बरोबर उत्तर ४. क्रेमरच्या पद्धतीत (दोन समीकरणं सहगुणकांच्या चौकटीतून, म्हणजे निश्चयकांतून, सोडवायची रीत) दुसरं समीकरण २क्ष − १२ = ३य असं उलटसुलट दिलेलं असलं की थेट त्यातलेच अंक निश्चयकात जातात. आधी २क्ष − ३य = १२ करून घ्यायचं, मगच निश्चयक. अंकगणिती श्रेढीत ४ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती, याचं उत्तर २२ आहे. वहीत २१ दिसलं तर सूत्रातल्या ‘न − १’ च्या जागी नुसता ‘न’ घेतलाय हे न बघताही सांगता येतं.

नोंद केलेलं उदाहरण तीन दिवसांनी, मग साधारण दहा दिवसांनी आणि मग महिन्याने, उजवं पान मागे दुमडून, कोऱ्या कागदावर सोडवायचं. लागोपाठ दोनदा बरोबर आलं की डाव्या पानावर काट मारायची. तिसऱ्यांदाही तीच चूक झाली तर मात्र प्रश्न वहीच्या बाहेरचा आहे. कंस आणि अवयव आठवी-नववीत कच्चे राहिलेले असतात. बालभारतीची जुन्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आठवीचं अवयवांचं आणि नववीचं बहुपदींचं प्रकरण परत करण्यात कमीपणा नाही, आणि दहावीच्या पुस्तकावर डोकं आपटण्यापेक्षा त्यात वेळ कमी जातो.

वहीने एकट्याने भागत नाही, हेही लवकर कळलं. ‘रीत’ या प्रकारच्या नोंदी काही केल्या कमी होईनात, कारण सराव प्रकरणवार चालला होता. प्रकरणाच्या मथळ्यावरूनच कुठली रीत वापरायची ते कळतं, पेपरात मथळा नसतो. हिंट दाखवणाऱ्या ॲपवर सराव करणाऱ्या मुलांचं तर जास्तच अडतं, पहिली पायरी तिथे आयती मिळते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवली, मागे फक्त पान क्रमांक. सहा चिठ्ठ्या काढायच्या आणि पहिली दहा मिनिटं काहीही न सोडवता प्रत्येकीवर रीत तेवढी लिहायची.

उदाहरणार्थ: वाशीच्या बाजारात ४ किलो बटाटे आणि ३ किलो कांदे मिळून २१५ रुपये, ३ किलो बटाटे आणि ४ किलो कांदे मिळून २०५ रुपये. लोपाची पद्धत (एक अक्षर घालवून समीकरणं सोडवायची) पाठ असलेलं मूल २१५ ला ४ ने गुणायला धावतं आणि गुणाकारात कुठेतरी घसरतं. सहगुणकांची अदलाबदल दिसली की बेरीज-वजाबाकी करायची: बेरजेतून दोघांचे भाव मिळून ६०, वजाबाकीतून फरक १०. बटाटे ३५, कांदे २५. हे बघायची सवय त्या दहा मिनिटांत लागते. सगळ्यात जास्त फरक चिठ्ठ्यांनी पडला, असं आमचं मत झालंय.

वेळेचं गणित सोपं आहे. राज्य मंडळाचा गणित भाग १ चा, म्हणजे बीजगणिताचा, पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्याला १५ मिनिटं. दुसरा १२ गुणांचा, ३० मिनिटं. तिसऱ्याला ९ गुणांसाठी २५, चौथ्याला ८ गुणांसाठी २५, पाचव्याला ३ गुणांसाठी १०. उरलेली १५ मिनिटं ताळ्याला, आणि ती आधीपासून बाजूला काढलेली असली तरच मिळतात. पाचवा प्रश्न विचार करायला लावणारा असतो. घरी मोकळेपणाने शिकलेली मुलं त्यात रमतात आणि अर्धा तास घालवतात. तीन गुणांसाठी हा सौदा परवडत नाही, म्हणून तो शेवटीच.

कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नांना वेगळी तयारी लागते. तिथे चौकटी दिलेल्या पायऱ्यांप्रमाणेच भराव्या लागतात, स्वतःची रीत चालत नाही. पुस्तक न वापरता शिकलेल्या मुलांचे सोपे गुण नेमके इथे जातात. शाब्दिक उदाहरणात शेवटचं वाक्य, म्हणजे ‘बटाट्याचा भाव किलोला ३५ रुपये’, लिहायचंच. नुसतं क्ष = ३५ पुरत नाही.

अर्थनियोजनात, म्हणजे जीएसटी आणि शेअर्सच्या प्रकरणात, एक सावधगिरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, पण पुस्तकातल्या उदाहरणांत ते दर आहेत. दुकानाचं बिल घेऊन सराव करणारी मुलं इथे गोंधळतात. प्रश्नात जो दर दिलाय तोच घ्यायचा.

पेपर घरच्या टेबलावर देऊ नका. शिकणं घरातच झालेल्या मुलाला अनोळखी खोली, शेजारी पानं उलटणारे अनोळखी विद्यार्थी आणि ‘अजून अर्धा तास’ अशी हाक यांचाच ताण येतो. जवळची अभ्यासिका चालते, किंवा दोन घरांनी मुलं अदलाबदल करावीत आणि दुसऱ्या घरच्या काकूंनी पर्यवेक्षण करावं. हे आम्हाला फार उपयोगी पडलं, कारण आईकडे बघून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारायची सोयच राहत नाही. महिन्यातून दोन पूर्ण पेपर पुरेत. दर आठवड्याला घेतले तर वहीत नोंदी साचत जातात आणि पुन्हा सोडवायला दिवस उरत नाहीत.

एनआयओएसवाल्यांनी चिठ्ठ्यांत बदल करावा. त्यांच्या एकाच पेपरात बीजगणित, व्यावहारिक गणित, भूमिती, महत्त्वमापन, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी सगळं येतं, त्यामुळे चिठ्ठ्यांचा डबाही एकच आणि सगळं मिसळलेलं हवं.

भूमितीसाठी मात्र ही वही जमली नाही. तिथे चूक एका ओळीत सापडत नाही, आकृतीत किंवा सिद्धतेच्या क्रमात असते, आणि आकृतीशिवाय उतरवलेली नोंद आठवड्याने आपल्यालाच कळत नाही. त्यासाठी एका पानावर आकृती आणि समोर कारणांसकट विधानं अशी दुसरी वही करावी लागते. ती आता कुठे सुरू केली आहे.