ऑडिट फुकट, गज गंजलेलेच

मुलुंड पूर्वेची आमची चार मजली इमारत १९८६ सालची. तीस वर्षं उलटली की मुंबई महानगरपालिका कायद्यात स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे. पालिकेची नोटीस आली तेव्हा सोसायटीची खजिनदार मी होते. चेकवर सह्या माझ्या आहेत, म्हणून हे मीच लिहिते आहे.

सल्लागारांच्या फीचे आकडे ऐकून सभासद वैतागले होते. तेवढ्यात एक ठेकेदार म्हणाला, "ऑडिट माझ्या इंजिनिअरकडून फुकट करून देतो, काम मला द्या." सभेत पाच मिनिटांत हात वर झाले. आम्ही फसलो ते तिथेच. दुरुस्तीवर ज्याचं पोट, त्याच्याच माणसाने दुखणं ठरवलं आणि काम चोख झाल्याचा दाखलाही त्यानेच दिला.

रिपोर्टमध्ये शेरा सी-टू-बी, म्हणजे घरं रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. घरटी एक लाख ऐंशी हजार निघाले. दोन-तीन निवृत्त सभासदांनी त्यासाठी एफडी मोडल्या.

बिलात सगळं होतं: सैल काँक्रीट फोडणं, आतल्या लोखंडी गजांचा गंज घासून काढणं, गंजरोधक लेप, झिजलेल्या गजाशेजारी नवा गज, वर पॉलिमर मॉर्टर, म्हणजे दुरुस्तीचा खास मसाला. आम्ही सकाळी लोकल पकडायचो, संध्याकाळी येईपर्यंत गुळगुळीत गिलावा झालेला असायचा. परांचीवरची पोरं बेल्टशिवाय चढायची. मी विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "ताई, त्यांना सवय आहे." मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात छताचं भलंमोठं ढलपं पडलं. आजी नुकत्याच बाहेरच्या खोलीत गेल्या होत्या. वर नवा गिलावा, आत तोच जुना गज, गंजून फुगलेला. लेप नाही, जोडगज नाही.

मग पालिकेकडे नोंदणी असलेला इंजिनिअर आम्ही स्वतः पैसे देऊन आणला. त्याने फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारलं. काँक्रीट धड असेल तर ते गुलाबी होतं. आमच्याकडे रंगच चढला नाही. गजाला गंजापासून जपणारा काँक्रीटमधला अल्कलीपणा तिथे संपला होता. त्याने जुना रिपोर्टही चाळला. चाचणीच्या फोटोंत गोल कॉलम होते. आमच्या इमारतीत एकही कॉलम गोल नाही! ती पानं आमच्यापैकी कुणीच उघडली नव्हती. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला इमारत कोसळून १७ माणसं गेली, त्या बातमीने आम्ही सगळे हादरलो होतो. तरीही नाही उघडली.

तुमच्याकडे दुरुस्ती निघाली असेल तर इंजिनिअर सोसायटीने नेमा, फी सोसायटीने द्या, ठेकेदाराशी त्याचा संबंध नको. गज उघडे असताना फ्लॅट नंबरसकट फोटो घ्या. इंजिनिअरने गज पाहून सही केल्याशिवाय गिलावा चढू देऊ नका, बिलही काढू नका.

ठेकेदाराचा फोन लागत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. आजी लेकीकडे राहायला गेल्या आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी छताला टेकू देणारे लोखंडी जॅक उभे आहेत.