‘क्रॉस्ड’ : पाळत उठली, धाकही गेला

अ‍ॅली काँडीच्या ‘मॅच्ड’ या किशोर कादंबरी-त्रयीचा दुसरा भाग ‘क्रॉस्ड’ २०११ साली आला. तेव्हापासून वाचकांची एक तक्रार कायम आहे: फार संथ, काही घडतच नाही. तक्रार खोटी नाही, पण नेम जरा चुकलाय. घडतं तर पुष्कळ. पलायन आहे, गोळीबार आहे, मृत्यू आहेत, बंडखोरांचा माग काढणं आहे. मग पानं पुढे का सरकत नाहीत?

पहिला भाग आठवून पाहा. ‘मॅच्ड’मधली (२०१०) भीती घरातलीच होती. जोडीदार ‘सोसायटी’ म्हणजे तिथली राजवट ठरवणार, जेवण मोजून मापून घरपोच येणार, ऐंशीव्या वाढदिवसाला मरायचं हेही ठरलेलं. शंभर कविता आणि शंभर गाणी ठेवून बाकी सगळं नष्ट केलेलं. अशा जगात नायिका कॅसियानं आजोबांनी दिलेला कवितेचा कागद नुसता जवळ ठेवला तरी धडधडायचं, कारण कोणीतरी बघत असणार. तिथंही घटना फार नव्हत्याच. पण साधं बोलणंसुद्धा गुन्हा ठरू शकत होतं. ‘क्रॉस्ड’मध्ये पात्रं बाहेरच्या प्रांतांत, ‘कार्व्हिंग’ नावाच्या खोल घळींमध्ये पोचतात आणि ही पाळत जवळजवळ उठते. उरतं ते चालणं, चढणं, पाणी शोधणं. वर्णन सुंदर आहे, पण दगडाला घाबरून किती घाबरणार?

तुलनेला ‘हंगर गेम्स’ त्रयीचा दुसरा भाग ‘कॅचिंग फायर’ (२००९) घ्या. ३ भाग, प्रत्येकी ९ प्रकरणं, आणि नायिका कॅटनिस जीवघेण्या खेळांच्या रिंगणात उतरते ती थेट तिसऱ्या भागात. म्हणजे दोन तृतीयांश पुस्तक खेळांविना. तरी ते अंगावर येतं, कारण राष्ट्राध्यक्ष स्नो सुरुवातीलाच तिच्या घरी येऊन धमकी देऊन जातो आणि नंतरचा प्रत्येक समारंभ त्या धमकीखाली होतो. वेग तिथंही कमीच आहे, पण फास आवळत जातो. ‘क्रॉस्ड’मध्ये तो सैल सुटलाय.

दुसरी अडचण निवेदनाची. पहिला भाग फक्त कॅसियाचा. इथं तिची आणि तिच्या प्रियकराची, काईची, प्रकरणं आलटून पालटून येतात. (खरा उच्चार ‘काय’ असा आहे, पण तसं लिहिलं की प्रत्येक वाक्य प्रश्न विचारू लागतं.) कल्पना चांगली, कारण दोघं बराच काळ एकमेकांपासून दूर असतात. पण दोघांचा सूर एकच: वर्तमानकाळ, तुटक वाक्यं, प्रतिमांवर प्रतिमा. प्रकरणावरचं नाव झाकून मधलाच एखादा परिच्छेद वाचा. कोण बोलतंय ते पटकन सांगता येत नाही. आईवडील गमावलेला, बाहेरच्या प्रांतात वाढलेला मुलगा आणि सोसायटीत सुरक्षित वाढलेली मुलगी यांची भाषा इतकी सारखी कशी? त्यात काई झँडरबद्दलची (सोसायटीनं कॅसियासाठी ठरवलेला जोडीदार) एक महत्त्वाची गोष्ट दडवून ठेवतो. कॅसियापासून दडवली तर समजतं. आपण त्याच्याच डोक्यात बसलेलो असताना आपल्यापासूनही दडवणं म्हणजे रहस्य नव्हे, ताणलेली दोरी.

तरी पुस्तक टाकाऊ नाही. सुरुवातीची, शत्रूचा मारा ओढून घ्यायला माणसांना बुजगावण्यांसारखं बसवलेल्या गावांची प्रकरणं अख्ख्या त्रयीतली सर्वांत धारदार आहेत. विक आणि छोटा एली तिथंच भेटतात, आणि त्या दोघांसमोर मुख्य प्रेमकथा फिकी वाटते. घळींमध्ये राहणाऱ्या शेतकऱ्यांनी गुहेत जपलेली पुस्तकंही लक्षात राहतात. टेनिसनच्या ‘क्रॉसिंग द बार’ या कवितेतला नावाडी इथं बंडाचा ‘पायलट’, म्हणजे नेता, होतो. कथानकात कविता इतकी कामाला लावणाऱ्या किशोर कादंबऱ्या फार नाहीत.

दोन भागांत महिन्यांचं अंतर पडू देऊ नका. लेखिका उजळणी करून देत नाही, आणि सोसायटीच्या हिरवी, निळी, लाल या तीन औषधी गोळ्यांपैकी कोणती कशासाठी हे विसरलात तर निळीचा प्रसंग वाया जातो. वेळ नसेल तर ‘मॅच्ड’ची शेवटची काही प्रकरणं तेवढी पुन्हा चाळा. वाचताना एका निवेदकावर न थांबता दोघांचं एकेक प्रकरण जोडीनं संपवा, म्हणजे आवाजांचा गोंधळ कमी होतो. घळींमधला मधला टप्पा मात्र एका बैठकीत काढा. तुकड्यातुकड्यांनी तो आणखी लांबतो.

हा भाग गाळून थेट तिसऱ्या, ‘रीच्ड’कडे (२०१२) उडी मारायचा मोह होईल. मारू नका, बंडखोर कोण आणि पायलटकडून एवढी आशा का, हे इथंच कळतं. ‘रीच्ड’मध्ये झँडर तिसरा निवेदक म्हणून येतो, आणि त्याचं प्रकरण ओळखायला वरचं नाव बघावं लागत नाही.