गिझरचं पाणी कोमट: दुरुस्ती करावी की नवा आणावा?

थंडी पडली की घरोघरी दोन पक्ष होतात. एक म्हणतो मेकॅनिक बोलवा, दुसरा म्हणतो नवाच आणा. आधी एवढं करा: गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा अँगल कॉक (भिंतीवरची छोटी चावी) बंद करून गरम पाण्याचा नळ सोडा. धार चालूच राहिली तर गिझर निर्दोष आहे. थंड-गरम पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळातून थंड पाणी गरम लाइनीत घुसतंय, म्हणजे काम प्लंबरचं.

धार थांबली तर तापण्याचा दिवा बघा. १५ लिटरची टाकी आणि २००० वॉटची कॉइल असेल, तर २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण २०-२२ मिनिटं लागतात. दिवा पाच-सात मिनिटांतच विझत असेल, तर थर्मोस्टॅट तरी बिघडलाय, नाहीतर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर नि थर्मोस्टॅटच्या नळीवर बसलेत. आच तिथेच कोंडते आणि पाणी तापायच्या आत थर्मोस्टॅट वीज तोडतो. उलट दिवा तासभर विझतच नसेल, तर व्होल्टेज मोजून घ्या. २३० ऐवजी १८० मिळालं की २००० वॉटची कॉइल जेमतेम १२०० वॉटचं काम करते. अशा घरात नवा गिझरही तेच रडगाणं गाणार.

क्षार, कॉइल, थर्मोस्टॅट यांसाठी मी डोळे झाकून दुरुस्तीच्या बाजूने. नव्यापुढे हा खर्च किरकोळ असतो. टाकी उघडलीच आहे तर मॅग्नेशियमची कांडीही बघायला सांगा. ती झिजून संपली की गंज टाकीला लागतो. टाकीच गळत असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

नवा घ्यायचा तर खरी फसगत इन्स्टंटमध्ये होते. तीन लिटरचा, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी वीसएक अंशांनी तापवतो. भांड्यांना छान, पण नाशिकच्या जानेवारीत शॉवर सोडलात तर कोमटच पाणी येणार, आणि तो बिघाडही नसेल. चौघं एकापाठोपाठ अंघोळ करणार असतील तर २५ लिटरचा स्टोरेज घ्या. एकटा माणूस बादलीवर भागवत असेल, तर इन्स्टंट पुरतो, फक्त नळ बारीक सोडायचा. गॅस गिझर पाणी भरभर तापवतो, पण बंद बाथरूममध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीवावर बेततो. तो बाहेरच बसवायची सोय नसेल तर विचारही नको.

आणि गिझर उघडण्याआधी नुसतं बटण नाही, वीजबोर्डावरचा एमसीबी (लाइन तोडणारा खटका) पाडा.