बुडता क्लब हाती घ्यायचा तर कोणता: शाल्के, साम्पदोरिया की ओल्डहॅम?

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये मँचेस्टर सिटी किंवा रेआल माद्रिद घेऊन दोन-तीन ट्रॉफ्या जिंकल्या की हात शिवशिवायला लागतात. एखादा गाळात रुतलेला क्लब घेऊन वर काढावा असं वाटतं. पण तो निवडताना बहुतेक जण फक्त पॉइंट्स टेबल बघतात, आणि गडबड तिथेच होते. टेबलमधली जागा दोन महिन्यांत बदलता येते. क्लबची मूळ अडचण सुटायला तीन-चार सीझन जातात, आणि प्रत्येक क्लबची अडचण वेगळी असते. पुढची कित्येक संध्याकाळ तुम्ही त्या एका अडचणीसोबत बसणार आहात. तेव्हा क्लब निवडताना आधी अडचण निवडा, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी तीन क्लब घेतलेत: जर्मनीतला शाल्के, इटलीतला साम्पदोरिया आणि इंग्लंडमधला ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक. तिघांनीही चांगले दिवस पाहिलेत, तिघेही खाली आलेत. हिशोब धरलाय तो फुटबॉल मॅनेजर २०२४ चा, कारण २०२५ ची आवृत्ती रद्दच झाली आणि बरेच जण अजून २०२४ वरच खेळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली २६ ची आवृत्ती ज्यांनी घेतलीय, त्यांच्याकडेही शाल्के आणि साम्पदोरिया दुसऱ्याच डिव्हिजनमध्ये आहेत. ओल्डहॅमचं मात्र बदललंय, ते पुढे सांगतो.

शाल्के: माणसं भरपूर, डोक्यावर कर्ज

शाल्केचं गेल्झेनकिर्शन हे रूर खोऱ्यातलं, एकेकाळी कोळशाच्या खाणींचं गाव. सात वेळा जर्मनीचं विजेतेपद, शेवटचं १९५८ मध्ये. १९ मे २००१ ला शाल्केचे लोक आपण चॅम्पियन झालो म्हणून मैदानात उतरलेसुद्धा होते. तिकडे हॅम्बुर्गमध्ये इंज्युरी टाइममध्ये बायर्नच्या पॅट्रिक अँडरसनने गोल केला आणि विजेतेपद चार मिनिटांत गेलं. २०११ मध्ये हाच क्लब चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला होता. दहा वर्षांत, २०२०-२१ पर्यंत, गाडी इतकी घसरली की बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, सलग ३० सामने विजय नाही. टास्मानिया बर्लिनचा ३१ सामन्यांचा नकोसा विक्रम एका सामन्याने हुकला. त्याच सीझनला ३० वर्षांनी क्लब खाली गेला, २०२२ मध्ये वर आला, २०२३ मध्ये पुन्हा खाली.

खेळात शाल्के उघडला की पहिल्यांदा छाती फुगते. ६२ हजारांचं स्टेडियम, दुसऱ्या डिव्हिजनमध्येही प्रचंड गर्दी, आणि नॉयर, ओझिल, ड्राक्सलर, साने यांना घडवणारी अकादमी. मग फायनान्सचा स्क्रीन उघडावा. मोठा वाडा सांभाळायचाय पण शेतीचं उत्पन्न निम्म्यावर आलंय, अशी अवस्था. टीव्हीचे पैसे दुसऱ्या डिव्हिजनचे, पगार मात्र वरच्या डिव्हिजनची सवय लागलेले, आणि वर कर्जाचे हप्ते. कुणी अब्जाधीश येऊन क्लब विकत घेईल ही आशाही ठेवू नका. शाल्के आजही सभासदांची नोंदणीकृत संस्था आहे. बरेच जर्मन क्लब फुटबॉल विभागाची वेगळी कंपनी काढून मोकळे झाले, शाल्केने ते केलेलं नाही.

या क्लबची सगळी गंमत आणि सगळा ताप एका खेळाडूत बघायला मिळतो: आस्सान उएद्राओगो. २००६ चा जन्म, मिडफिल्डर, २०२४ च्या खेळातला नावाजलेला वंडरकिड, म्हणजे कोवळ्या वयातच चमकणारा पोरगा. पहिल्या सीझनची ट्रान्सफर विंडो उघडते आणि इन्बॉक्समध्ये मोठ्या क्लबची ऑफर येऊन पडते. तुम्ही नकार देता. क्लबची शिल्लक लाल रंगात असेल तर बोर्ड तुम्हाला बाजूला सारून ती ऑफर स्वीकारू शकतं, आणि पोरगा नाराज झालेला असेल तर ड्रेसिंग रूमही तुमच्याशी तुटक वागायला लागते. माझा सल्ला असा की त्या ऑफरची वाट बघत बसू नका. दोन-तीन क्लबांना स्वतःहून भाव कळवा. रक्कम हप्त्यांत न घेता एकदम मागा, पुढच्या विक्रीतल्या नफ्याचा हिस्सा लिहून घ्या, आणि जमलं तर सीझन संपेपर्यंत तो लोनवर, म्हणजे उसना, तुमच्याकडेच राहील अशी अट घाला. प्रत्यक्षातही तो २०२४ च्या उन्हाळ्यात लाइपझिगला गेलाच.

त्यानंतरचं काम रटाळ वाटेल, पण क्लब वाचतो तो तिथेच. तिशी ओलांडलेल्या, मोठा पगार घेणाऱ्या खेळाडूंना कोण घेईल हे शोधत बसायचं. जागा रिकामी झाली की अकादमीतला मुलगा वर आणायचा. शाल्केची दुसरी टीम रेगिओनालिगामध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, खऱ्या सामन्यांना उतरते, त्यामुळे १८ वर्षांच्या मुलाला खेळायला मिळतं आणि त्याला परक्या क्लबात लोनवर धाडायची गरज पडत नाही. नोकरी मात्र डगमगती. बोर्डला प्रमोशन हवं असतं, प्रेक्षकांना ते कालच हवं असतं. १८ टीमची लीग, पहिल्या दोन थेट वर, तिसरीला बुंडेसलिगातल्या सोळाव्या टीमशी दोन सामने. हे गणित तसं दयाळू आहे.

साम्पदोरिया: नाव आपलं, टीम उसनी

१९४६ मध्ये जेनोआतले दोन क्लब एकत्र येऊन हा क्लब झाला. १९९० मध्ये कप विनर्स कप, १९९१ मध्ये व्हियाल्ली आणि मान्चिनीच्या जोरावर इटलीचं विजेतेपद, आणि १९९२ मध्ये वेम्ब्लीवर युरोपियन कपची फायनल, जिथे बार्सिलोनाच्या कूमानची फ्री किक आडवी आली. २०२३ मध्ये सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, घसरण झाली तेव्हा क्लब दिवाळखोरीच्या दारातच होता. नवे मालक वेळेवर आले म्हणून निभावलं.

खेळात तुम्ही कोच पिर्लोच्या खुर्चीत बसता. टीम वाईट नाही, पण नावांपुढची खूण बघा: गोलकीपर स्टँकोविच इंटरचा, एस्पोझितो इंटरचा, पेद्रोला बार्सिलोनाचा, डिफेंडर गोन्झालेझ युव्हेंटसचा. चांगले खेळाडू लोनवर आलेत. पहिल्या सीझनला तुम्ही त्यांना घडवता, एकमेकांशी जुळवून देता, टॅक्टिक बसवता आणि जूनमध्ये निम्मी टीम आपापल्या घरी जाते. शाल्केत विकायला निदान काहीतरी आहे. इथे तेही फारसं नाही, आणि स्टेडियम शहरातल्याच जेनोआ या क्लबसोबत वाटून घेतलेलं.

मला या तिघांत साम्पदोरियाच सर्वांत कठीण वाटतो. पहिल्यांदा बुडता क्लब घेणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. निळ्या जर्सीवरच्या त्या पांढऱ्या-लाल-काळ्या पट्ट्याच्या प्रेमात पडून तो घेणारे बरेच असतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सेव्ह (चालू असलेला खेळ) सोडून देणारेही बरेच. ज्याला ट्रान्सफरच्या कलमांत रस आहे, लोनसोबत खरेदीचा पर्याय, ठरावीक सामने खेळल्यावर बंधनकारक खरेदी, अशा वाटाघाटींत जो तासन्‌तास रमतो, त्याच्यासाठी मात्र यासारखी जागा नाही. इटालियन क्लब आपसांत असे व्यवहार सर्रास करतात आणि खेळातही ते सहज होतात. नियम एकच पाळा: खरेदीच्या पर्यायाशिवाय नवा लोन घेऊ नका. गोलकीपर आणि सेंटर-बॅक हे दोघे तरी पहिल्याच वर्षी स्वतःचे करून घ्या.

प्रत्यक्षात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०२३-२४ मध्ये सातवा क्रमांक, प्लेऑफमध्ये पालेर्मोकडून हार. पुढच्याच सीझनला चार कोच झाले आणि क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जवळजवळ गेलाच होता. ब्रेशियाचे गुण कापले गेले, साम्पदोरियाला सालेर्निताना विरुद्ध प्लेआउट, म्हणजे खाली जाणं टाळण्यासाठीचे सामने, खेळायला मिळालं, म्हणून वाचला.

ओल्डहॅम: हातात फार काही नाही

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाच्या २२ क्लबांत ओल्डहॅम होता. १९९० मध्ये लीग कपची फायनल, १९९४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर, आणि २०२२ मध्ये थेट नॅशनल लीग, म्हणजे पाचवी पायरी. प्रीमियर लीग खेळलेला क्लब वरच्या चार डिव्हिजनमधून बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी फ्रँक रॉथवेल यांनी क्लब घेतला. सत्तरी गाठलेल्या या स्थानिक उद्योजकाने त्याआधी एकट्याने होडी वल्हवत अटलांटिक पार केला होता. असा माणूस क्लबच्या पाठीशी आहे, हे सेव्ह सुरू करताना मनाला उभारी देतं.

इथला हिशोब आठवड्याच्या पगारात चालतो. कोटींचे आकडे दिसत नाहीत. एखादा फुलबॅक थोडे पाउंड जास्त मागतो आणि तुम्ही बजेटचा स्लायडर एक टिचकी सरकवून बघता, ट्रान्सफरचे पैसे पगाराकडे वळवता. स्काउट मोजके, त्यांची नजर ब्रिटनपलीकडे फारशी जात नाही. वर्क परमिटच्या नियमांमुळे परदेशी खेळाडू जवळजवळ विसरायचाच. म्हणजे उरतात ते मोठ्या क्लबांनी सोडलेले विशीतले पोरगे, कॉन्ट्रॅक्ट संपलेले अनुभवी गडी आणि शेजारपाजारचे लोन. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे, कारण ओल्डहॅम ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे. आजूबाजूला इतक्या अकादमी आहेत की योग्य वेळी विचारलं तर चांगला विंगर सहज मिळतो.

टॅक्टिकही साधी ठेवावी लागते. शाल्केत गेगेनप्रेस (चेंडू गेला की लगेच झडप घालून परत मिळवणं) बसवता येतो, साम्पदोरियात चेंडू राखून खेळता येतं. नॅशनल लीगमध्ये खेळाडूंचा पास तिसऱ्या टचला अडखळतो. इथे वेग, हेडिंग आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वगैरे. २०२४ च्या खेळात सेट पीसची रचना पूर्ण नवी केलीय. तिच्यावर एक संध्याकाळ घालवा, जवळच्या पोस्टवर कुणाला पाठवायचं आणि कीपरसमोर कुणाला उभं करायचं ते नीट लावा. नॉर्वुडसारखा बॉक्समध्ये घुटमळणारा स्ट्रायकर टीममध्ये आहेच. पावसाळी मंगळवारी रात्री कॉर्नरवरून मिळवलेलं १-० मला चॅम्पियन्स लीगच्या ४-० पेक्षा जास्त आनंद देतं, हे मनापासून सांगतो.

अडचण आहे ती प्रमोशनची. २४ टीम, ४६ सामने, थेट वर फक्त पहिली टीम, आणि दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सहा टीम एका जागेसाठी झगडतात. दुसरे येऊनही आणखी एक वर्ष तिथेच काढावं लागू शकतं. खुद्द ओल्डहॅम तीन सीझन अडकला आणि २०२५ मध्ये पाचव्या क्रमांकावरून प्लेऑफ खेळत, वेम्ब्लीवर साउथएंडला जादा वेळेत ३-२ हरवून बाहेर पडला.

मग घ्यायचा कोणता?

आधी वेळ बघा. लीगचे सामने शाल्केला ३४, साम्पदोरियाला ३८, ओल्डहॅमला ४६, शिवाय कप वेगळे. ऑफिसवरून आल्यावर रोज तासभरच मिळत असेल तर ओल्डहॅमचा एक सीझन संपायला शाल्केपेक्षा बराच जास्त काळ जाईल.

तरीही पहिल्यांदाच असा क्लब घेणाऱ्याला मी ओल्डहॅमच सुचवेन. मोठा क्लब सोपा, हा समज शाल्केच्या बाबतीत खोटा ठरतो. तिथे एक चुकीचा चार वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट चार वर्षं छातीवर बसतो. ओल्डहॅममध्ये बरेचसे करार छोटे असतात, चूक वर्षभरात निघून जाते, आणि तुमच्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम पुढच्या शनिवारी मैदानात दिसतो. माणूस खेळ शिकतो तो असा. शाल्के दुसऱ्या वेळेला घ्या, पगाराची यादी वाचायची सवय लागल्यावर. साम्पदोरिया तिसऱ्या वेळेला, किंवा तुम्ही जन्मजात सौदेबाज असाल तर आधीही.

गोव्यातले किंवा मुंबईतले मित्र विचारतात, आपल्याकडचा क्लब का नको? भारतीय लीग २०२४ च्या खेळात आहे आणि चर्चिल ब्रदर्स घेऊन आय-लीग खेळण्यात आपलेपणा आहेच. पण आयएसएल या सर्वांत वरच्या भारतीय लीगमधून २०२४-२५ पर्यंत तरी कुणी खाली जात नव्हतं. घसरण आणि पुन्हा चढण हाच ज्या सेव्हचा जीव, त्याला ही रचना पुरत नाही.

आता २६ च्या आवृत्तीबद्दल. तिथे ओल्डहॅम लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, आहे, जिथून तीन टीम थेट आणि एक प्लेऑफमधून वर जाते, म्हणजे नॅशनल लीगमधली कोंडी राहत नाही. काम बरंच सुकर होतं, पण खालून चढण्याची ती पहिली पायरी कुणीतरी तुमच्यासाठी आधीच चढून ठेवलेली असते. ती स्वतः चढायची असेल तर २०२४ मधलाच ओल्डहॅम घ्या. खेळ सुरू करताना इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजन आणि स्कॉटलंडच्या लीग चालू ठेवा, डेटाबेस मोठा निवडा. बाकीचे देश बंद असले तरी त्या सेव्हला काही फरक पडत नाही आणि जुना लॅपटॉपही नीट चालतो.