‘ओरिजिनल आहे दादा’ : हेल्मेट माउंटने घातलेला चौदा हजारांचा खड्डा

गेल्या जुलैतली गोष्ट. सेकंड हँड का होईना, चौदा हजारांचा अ‍ॅक्शन कॅमेरा घेतला होता आणि रविवारी पहाटे ताम्हिणीला जायचं ठरलं होतं. हँडलवर कॅमेरा लावला की माझ्या जुन्या सिंगल सिलिंडर गाडीच्या व्हायब्रेशनने सगळा व्हिडिओ थरथरतो, म्हणून हेल्मेटच्या हनुवटीवर बसणारा चिन माउंट हवा होता. शनिवारी रात्री आठला पुण्यातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो.

दुकानदार गोड बोलणारा. लाल पाकिटातला माउंट काढून म्हणाला, “थ्रीएमची टेप आहे दादा, ओरिजिनल. डोळे झाकून घ्या.” चौदाशे पन्नास. सोबत १२८ जीबीचं मेमरी कार्ड साडेसहाशेला. बिल मागितलं तर “पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर लागतील.” मी नको म्हणालो. पहिली माती मीच खाल्ली.

पाकिटावरच्या चित्रात माउंटला एक बारीक सेफ्टी दोरी दिसत होती, आत नव्हती. “ती वेगळी येते, पण लागत नाही कुणाला.” मग त्याने माझं हेल्मेट घेतलं, त्यावर पॉलिशचा स्प्रे मारला, फडक्याने चकाचक पुसलं आणि त्यावर माउंट दाबून बसवला. पाच मिनिटांत काम खलास. मला तर वाटलं, काय सर्व्हिस आहे!

त्या स्प्रेने काय केलं ते मला नंतर कळलं. असल्या पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन असतं आणि त्याचा थर राहिला की कुठलीच टेप नीट धरत नाही. हेल्मेट पुसायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि पूर्ण वाळू द्यायचं. दुसरं म्हणजे वेळ. अस्सल व्हीएचबी टेपसुद्धा (म्हणजे थ्रीएम कंपनीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप) लावल्यावर वीस मिनिटांत निम्मीच पकड घेते, चोवीस तासांत नव्वद टक्क्यांपर्यंत जाते आणि पूर्ण पकडीला बहात्तर तास लागतात, तेही खोलीच्या साध्या तापमानाला. मी दहा तासांत, भर पावसात निघालो होतो. अर्थात माझी टेप मुळात अस्सल नव्हतीच.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या पुढे गेलो. धुकं, धबधबे, ओला चकचकीत रस्ता. मनात म्हटलं, आज व्हिडिओ झकास होणार. घाटातल्या एका वळणावर खड्ड्यात चाक गेलं आणि हनुवटीपाशी ‘टप्’ असा आवाज झाला. मान एकदम हलकी वाटली. मागून येणाऱ्या मित्राने हॉर्नवर हॉर्न मारले. थांबून पाहिलं तर कॅमेरा डांबरावर घसरत कठड्यापर्यंत गेलेला, लेन्स फुटलेली, स्क्रीनला जाळं. त्या मित्राचं चाक त्यावरून गेलं असतं तर तोही आडवा झाला असता. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

माउंटची टेप तिथेच नखाने उकरून पाहिली. पावाच्या गाभ्यासारखी पांढरी, भोकाभोकांची, बोटात तुकडे होणारी. व्हीएचबीचा फोम भरीव आणि चिवट असतो, ताणला तर लांबतो, असा चुरा होत नाही. पाकीट फोडल्यावर एवढं एक बघितलं असतं तरी पुरलं असतं.

निदान कार्ड शाबूत होतं. घरी येऊन लॅपटॉपला लावलं. सगळ्या फाइल्स होत्या, त्यांच्यापुढे साइझही दिसत होती, पण सुरुवातीच्या काही सोडल्या तर एकही उघडेना. मित्राने एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं. ते पूर्ण कार्ड भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. १२८ जीबीच्या कार्डात निघाले आठच्याही आत. माझ्या सेटिंगला मिनिटाला साधारण ४५० एमबी जातात, म्हणजे जेमतेम सतरा मिनिटांचं शूटिंग. ताम्हिणीचा एक थेंब नाही. उरलं काय, तर भूगावचं ट्रॅफिक आणि एका टेम्पोची पाठ.

आणि सगळ्यात पहिली क्लिप. ती दुकानातली होती! “बघा, चालू झाला,” म्हणत त्यानेच बटण दाबलं होतं. त्याचा हात, तो स्प्रे आणि स्वच्छ आवाज : “ओरिजिनल आहे दादा, गॅरंटी माझी.”

सोमवारी गेलो. आधी म्हणाला, “तुम्ही नीट चिकटवलं नसेल.” क्लिप दाखवली. गप्प झाला, ड्रॉवर उघडून कार्डाचे साडेसहाशे काउंटरवर ठेवले. माउंटचे मात्र नाही. “टेप काय मी बनवतो का?” आणि कॅमेऱ्याचं नावच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ला, फोन लावला तर बोलता बोलता गाडी बिलावर आलीच. मी काय सांगणार, अठरा टक्के वाचवले म्हणून?

आता दुसरा माउंट लावलाय, शुक्रवारी चिकटवून सोमवारपर्यंत हेल्मेटला हात न लावता. शिवाय कॅमेऱ्यापासून हेल्मेटच्या पट्ट्यापर्यंत नायलॉनची दोरी, दहा रुपयांची. परवा त्याच गल्लीतून गेलो. लाल पाकिटं दारातच टांगलेली होती आणि एक कॉलेजचा मुलगा हेल्मेट काउंटरवर ठेवून उभा होता. आत गेलो आणि त्याला म्हटलं, “पाकीट आधी फोड, टेप बघ.” दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.