अडकलेली अक्कलदाढ: आत्ताच काढायची की लक्ष ठेवायचं?

खालची अक्कलदाढ तिरकी होऊन पुढच्या दाढेला टेकली आणि हिरडीतून अर्धवटच डोकावली, की दोघींच्या सांध्यात अन्न अडकतं. ब्रश तिथे पोचत नाही. कीड लागते ती पुढच्या, चांगल्या दाढेला. तीही मागच्या बाजूला, हिरडीलगत, जिथे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, पातळ असतं. आरशात काही दिसत नाही. ठणका लागतो तोवर अनेकदा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. मग रूट कॅनल, नाहीतर दोन्ही दाढा गमवायच्या.

काढायची म्हटलं तर चार-आठ दिवस सूज, तोंड नीट उघडत नाही. खालच्या ओठाची नस मुळांजवळ असेल तर ओठ बधिर राहण्याचा धोका असतो, क्वचित कायमचा. वय वाढेल तसं काढणं अवघड होत जातं.

ब्रिटनमध्ये 2000 सालापासून त्रास नसलेली अक्कलदाढ काढू नये असं सरकारी धोरण आहे. पूर्ण हाडात गाडलेल्या दाढेबाबत मला ते पटतं. पण तिरकी, अर्धवट आलेली, पुढचीला टेकलेली दाढ असेल तर मी काढण्याच्याच बाजूने आहे. ठेवायचीच असेल, तर दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे चुकवू नका.